तांबड्या केसांचे फादर विवाल्दी

बँकेच्या किंवा विमान कंपनीच्या कार्यालयात फोन लावावा आणि पलीकडून कोणी बोलू लागेपर्यंत कानावर व्हायोलिनची एक प्रसन्न धून पडत राहावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. हीच धून लग्नाच्या व्हिडिओत ऐकू येते, जाहिरातीत वाजते, मोबाईलची घंटा म्हणूनही कित्येकांनी ती ठेवलेली असते. तिला शब्द नाहीत. त्यामुळे ती कोणत्या देशाची, कोणी रचली, हे विचारायचेही आपल्याला सुचत नाही.

ही धून ‘वसंत’ नावाच्या रचनेचा आरंभ आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ती लिहिणारे अंतोनियो विवाल्दी हे एक कॅथोलिक धर्मगुरू होते. आपल्या गायकवृंदातील तरुणांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनाही ते नवीन होते. म्हणून या रविवारी त्यांच्या आयुष्याची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटले.

हे संतचरित्र नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. फादर विवाल्दी यांनी गुरुदीक्षा घेतली, पण आयुष्याची शेवटची पस्तीसेक वर्षे त्यांनी मिस्साबलिदान अर्पण केले नाही. पैशाच्या व्यवहारात ते कडक होते, स्वतःच्या कामाविषयी मोठेपणाने बोलत आणि संगीत नाटकांच्या धंद्यात मनापासून रमत. त्यांच्याविषयी लोकांत कुजबूज होती. एका कार्डिनलांनी तर त्यांना आपल्या शहरात पाऊल ठेवण्यास मनाई केली. तरीही हे चरित्र आपण वाचावे असे आम्हाला वाटते. का, ते पुढे येईलच.

सुईणीने दिलेला बाप्तिस्मा

अंतोनियो यांचा जन्म ४ मार्च १६७८ रोजी इटलीतील व्हेनिस शहरात झाला. व्हेनिस म्हणजे पाण्यावरचे शहर. तेथे रस्त्यांच्या जागी कालवे आणि गाड्यांच्या जागी होड्या. बाळ जन्मले तेच इतके अशक्त, की ते जगेल याचा भरवसा नव्हता. म्हणून सुईणीनेच घाईघाईने घरी त्याला बाप्तिस्मा दिला. जिवाला धोका असेल तेव्हा कोणालाही बाप्तिस्मा देता येतो, ही आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आहे. बाळ जगले. दोन महिन्यांनी, ६ मे रोजी, त्याला चर्चमध्ये नेऊन उरलेले विधी पूर्ण करण्यात आले. त्या चर्चच्या नोंदवहीत हे सर्व लिहिलेले आहे.

वडील जोव्हान्नी बात्तिस्ता हे आधी न्हावी होते. वस्तरा आणि व्हायोलिन ही दोन्ही त्यांच्या हातची हत्यारे! पुढे व्हायोलिनने बाजी मारली आणि १६८५ साली त्यांना व्हेनिसच्या प्रसिद्ध सेंट मार्क चर्चच्या वाद्यवृंदात नोकरी मिळाली. मोठा मुलगा अंतोनियो वडिलांकडूनच व्हायोलिन शिकला. घरातील माणसांचे केस तांबडे होते. अंतोनियो पुढे धर्मगुरू झाले तेव्हा सारे व्हेनिस त्यांना तांबड्या केसांचा पाद्री याच नावाने ओळखू लागले. हे नाव त्यांना जन्मभर चिकटले.

सामान्य घरातील मुलाला शिक्षण मिळण्याची आणि चार लोकांत मान मिळण्याची त्या काळची एक वाट म्हणजे धर्मगुरू होणे. पंधराव्या वर्षी अंतोनियो त्या वाटेला लागले. सेमिनरीत राहण्याऐवजी ते घरीच राहून स्थानिक चर्चमधील धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले. दहा वर्षांच्या तयारीनंतर २३ मार्च १७०३ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

तीन वेळा सोडावी लागलेली वेदी

फादर विवाल्दी यांनी वर्षभर किंवा त्याहून थोडे अधिक काळ मिस्साबलिदान अर्पण केले. मग ते थांबले. याचे कारण त्यांनी पुष्कळ वर्षांनंतर एका पत्रात लिहून ठेवले आहे. जन्मापासून त्यांना छातीचा विकार होता. छाती आवळल्यासारखी होई, श्वास पुरत नसे. तीन वेळा मिस्सा अर्धवट टाकून त्यांना वेदीवरून उतरावे लागले. आजच्या अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांना तो दमा असावा असे वाटते.

यावर एक दंतकथाही आहे. मिस्सा चालू असताना त्यांना एक सुरावट सुचली, ती कागदावर उतरवण्यासाठी ते वेदी सोडून पडवीत गेले आणि म्हणून त्यांच्यावर कारवाई झाली, अशी ती कथा. ती त्यांच्या मृत्यूनंतर रंगवली गेली. तिला आधार नाही. पण माणूस दम्याने बेजार होता यापेक्षा तो देवाला सोडून गाण्यामागे धावला, हे सांगायला लोकांना अधिक आवडते.

एक शंका मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ज्यांना मिस्सा पूर्ण करणे जमत नव्हते, तेच फादर विवाल्दी तासन्‌तास व्हायोलिन वाजवत, वाद्यवृंद चालवत आणि गावोगाव फिरत. लोकांना हे खटकले यात नवल नाही. दम्याच्या माणसाला कशाने धाप लागेल आणि कशाने लागणार नाही, हे बाहेरच्याला कळत नाही, हेही तितकेच खरे. आम्ही यावर निवाडा देत नाही. त्यांनी धर्मगुरूपद सोडले नाही. दिवसाच्या नेमलेल्या प्रार्थनाही ते म्हणत. १७३५ साली कार्लो गोल्दोनी नावाचे एक तरुण नाटककार त्यांना भेटायला गेले, तेव्हा सत्तावन्न वर्षांचे विवाल्दी हातात प्रार्थनाग्रंथ घेऊन बसले होते. ही आठवण गोल्दोनी यांनीच लिहून ठेवली आहे. एका गाण्याचे शब्द बदलून हवे होते. या पोराला ते जमेल यावर विवाल्दींचा विश्वास नव्हता. गोल्दोनींनी तिथल्या तिथे बसून ते लिहून दिले. विवाल्दी इतके खूष झाले की प्रार्थनाग्रंथ बाजूला टाकून त्यांनी त्या तरुणाला मिठी मारली. रागही चटकन, लोभही चटकन, असा तो स्वभाव होता.

भिंतीतला कोनाडा

गुरुदीक्षा मिळाली त्याच वर्षी, सप्टेंबर १७०३ मध्ये, फादर विवाल्दी एका अनाथाश्रमात व्हायोलिनचे शिक्षक म्हणून रुजू झाले. पगार वर्षाला ६० डुकाट. या नोकरीनेच त्यांचे पुढचे आयुष्य घडवले.

अनाथाश्रमाचे नाव पिएता, म्हणजे करुणा. १३४६ साली एका फ्रान्सिस्कन बंधूने टाकलेल्या बाळांसाठी तो सुरू केला होता. आश्रमाच्या भिंतीत एक कोनाडा होता. ज्यांना मूल वाढवणे शक्य नसे, ते रात्रीच्या अंधारात बाळ त्या कोनाड्यात ठेवून निघून जात. कोणी गरिबीमुळे, कोणी लाजेपोटी, कोणी बाळाची आई वारली म्हणून. पुष्कळदा बाळाच्या कपड्यात एक वस्तू ठेवलेली असे: अर्धे मोडलेले पदक, कापलेल्या चित्राचा अर्धा तुकडा. दुसरा अर्धा आईबापांकडे. कधी दिवस पालटले तर दोन तुकडे जुळवून आपले मूल ओळखता यावे, ही आशा. बहुतेक तुकडे कधीच जुळले नाहीत. आश्रमाने जपलेले असे अर्धे तुकडे आजही पाहायला मिळतात.

भिंतीवर दगडात कोरलेली एक पाटीही होती. ऐपत असताना मूल येथे टाकून जाणाऱ्यांना शाप लागेल, अशी पोप तिसरे पॉल यांची १५४८ सालची कडक ताकीद त्या पाटीवर आहे. ती आजही तेथे आहे.

आलेल्या बाळाच्या अंगावर आश्रमाच्या नावाचे पहिले अक्षर डागले जाई. त्याला नाव मिळे, आडनाव नाही. मुलगे थोडे मोठे झाले की एखादे हस्तकौशल्य शिकून बाहेर पडत. मुली तेथेच राहत. त्या सूत कातत, लेस विणत, शिवणकाम करत. ज्यांना गळा किंवा कान असे, त्यांना संगीत शिकवले जाई. बहुतेक काळ अशा चाळीस ते साठ जणी असत. आश्रमाच्या चर्चमध्ये रविवारी आणि सणाच्या दिवशी त्या गात व वाजवत. ते ऐकायला लोक येत, दान देत, मृत्युपत्रात आश्रमासाठी रक्कम लिहून ठेवत. म्हणजे पाळण्यातल्या बाळांचे दूध काही अंशी या मोठ्या बहिणींच्या वाद्यांवर चाले.

जाळीआडच्या मुली

त्या काळी युरोपात स्त्रियांनी वाद्यवृंदात वाजवणे ही जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. पिएतात मात्र सर्व वाद्ये मुलीच वाजवत. व्हायोलिन, चेल्लो, ओबो, बासून, मँडोलिन, ऑर्गन, अगदी पुरुषांची समजली जाणारी मोठमोठी वाद्येसुद्धा. गायनातील खालच्या पट्टीचे स्वरही त्यांच्यातल्याच काही जणी सांभाळत.

श्रोत्यांना त्या दिसत नसत. चर्चच्या वरच्या सज्ज्यात लोखंडी जाळीमागे त्या उभ्या राहत. खाली बसलेल्या परदेशी पाहुण्यांना फक्त हलत्या आकृत्या दिसत आणि सूर ऐकू येत. चर्चमध्ये टाळ्या वाजवण्यास बंदी होती, म्हणून वादन फारच आवडले की लोक खोकत, पाय घासत, नाक शिंकरत आणि अशा रीतीने आपली पसंती कळवत!

आडनाव नसलेल्या या मुलींना लोक त्यांच्या वाद्यावरून ओळखत. व्हायोलिनवाली आन्ना मरिया ही त्यांत सर्वांत नामांकित. १६९६ च्या सुमारास जन्मलेली ही मुलगी तान्ही असताना आश्रमात आली. ती फादर विवाल्दी यांच्या हाताखाली तयार झाली आणि त्यांनी तिच्यासाठी वीसहून अधिक रचना लिहिल्या. पुढे ती स्वतः शिक्षिका झाली. तिचे सारे आयुष्य पिएताच्या भिंतींतच गेले आणि १७८२ साली ती वारली. आईबापांनी कोनाड्यात सोडलेल्या या मुलीच्या नावाची स्वरलिपीची वही व्हेनिसच्या संगीत विद्यालयात आजही जपून ठेवलेली आहे.

या मुलींसाठी विवाल्दींनी मुख्यतः कॉन्चेर्तो लिहिले. कॉन्चेर्तो म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. त्यात एक वाद्य पुढे असते आणि बाकीचा वाद्यवृंद त्याच्या साथीला. साधारणपणे तीन भाग असतात: जलद, संथ, पुन्हा जलद. जलद भागात सर्वजण मिळून आधी एक ठसठशीत सुरावट वाजवतात. मग एकटे वाद्य आपली करामत दाखवते. पुन्हा सर्वजण पहिल्या सुरावटीकडे येतात. आपल्याकडे भजनात एकाने कडवे म्हणावे आणि सर्वांनी मिळून ध्रुवपदावर यावे, तसेच हे. विवाल्दींनी ही मांडणी इतकी पक्की केली की पुढे सर्व युरोपने ती उचलली.

त्यांचे पाचशेच्या आसपास कॉन्चेर्तो आज उपलब्ध आहेत. त्यांतील दोनशेहून अधिक व्हायोलिनसाठी आहेत. त्यांनी एकच रचना शेकडो वेळा लिहिली, असा टोमणा पुढच्या काळात काहींनी मारला. पण आश्रमातील वर्ग डोळ्यांपुढे आणला की एवढ्या रचना का, हे कळते. एकीचा हात जलद, दुसरीचा स्वर लांब आणि मऊ, तिसरी नवखी. प्रत्येकीला पुढे उभे राहता येईल असे काहीतरी हवे. सण आला की नवीन रचना हवी. १७२३ साली आश्रमाने त्यांच्याशी करारच केला की गावी असोत वा परगावी, महिन्याला दोन नवे कॉन्चेर्तो त्यांनी द्यायचे.

आश्रमाच्या व्यवस्थापकांशी त्यांचे नेहमीच पटले असे नाही. शिक्षकांच्या नेमणुकीवर दरवर्षी मतदान होई. १७०९ साली सहा विरुद्ध सात मतांनी विवाल्दींना घरी बसावे लागले. दोन वर्षांनी त्याच मंडळाने त्यांना एकमताने परत बोलावले. १७१३ साली गायकवृंदाचे प्रमुख रजेवर गेले ते परतलेच नाहीत. तेव्हा मिस्सासाठी व सायंप्रार्थनेसाठी लागणारे संगीतही विवाल्दींनी लिहिले. आज जगभरच्या चर्चमध्ये गायला जाणारा त्यांचा ‘ग्लोरिया’ याच सुमाराचा मानला जातो. जे स्वतः वेदीवर उभे राहू शकत नव्हते, त्यांचे ‘ग्लोरिया’ जाळीआडच्या मुलींनी मिस्सात गायले.

चार ऋतू

१७११ साली त्यांचे बारा कॉन्चेर्तो हॉलंडमधील ॲमस्टरडॅम येथे छापले गेले आणि त्यांचे नाव युरोपभर पसरले. जर्मनीत योहान सेबास्टियन बाख या थोर संगीतकाराने त्यांतील अनेक रचना ऑर्गन व हार्प्सिकॉर्डसाठी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून काढल्या. बाख लुथरपंथी, विवाल्दी कॅथोलिक. पण शिकताना बाख यांना त्याची अडचण वाटली नाही.

१७२५ साली छापलेल्या आणखी बारा कॉन्चेर्तोंपैकी पहिले चार म्हणजे ‘चार ऋतू’. प्रत्येक ऋतूबरोबर एक कविता छापली होती आणि कवितेतील कोणती ओळ कोठे वाजते, हेही लिहिले होते. शब्दांवाचून गोष्ट सांगण्याची ही किमया पाहण्यासारखी आहे. वसंतात पाखरे किलबिलतात, मेंढपाळ झोपलेला असतो आणि व्हिओला हे वाद्य त्याच्या कुत्र्याचे भुंकणे दोन-दोन ठोक्यांत वाजवत राहते. उन्हाळ्यात उकाड्याने सारे मरगळलेले, मग माश्या घोंगावतात आणि शेवटी गारांचे वादळ उभे पीक झोडपते. शरदात सुगीचा नाच आणि द्राक्षारस चढलेले गावकरी. हिवाळ्यात दात कुडकुडतात, कोणी बर्फावर पाय घसरून आपटतो आणि मधल्या भागात बाहेर पावसाच्या थेंबांची टपटप चालू असताना माणसे शेगडीजवळ निवांत बसतात.

यात राजे नाहीत, देवदूत नाहीत. शेतकरी आहे, मेंढपाळ आहे, पीक गेले म्हणून रडणारा माणूस आहे. पाऊस आणि पीक यांच्या भरवशावर ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

फेराराची बंदी

कीर्ती आली, पैसा आला. विवाल्दींनी पन्नासच्या आसपास संगीत नाटके लिहिली आणि अनेकदा ती स्वतः उभीही केली. गायक ठरवणे, हिशेब ठेवणे, ठेकेदारांशी भांडणे हे सर्व ते करत. याच काळात आन्ना जिरो नावाची तरुण गायिका त्यांच्या नाटकांतून पुढे आली. ती आणि तिची मोठी सावत्र बहीण पाओलिना त्यांच्याबरोबर प्रवासही करत. लोक बोलू लागले. काही गैर असल्याचा पुरावा तेव्हा कोणी दिला नाही आणि आजही सापडलेला नाही.

१७३७ साली फेरारा या शहरात त्यांची नाटके व्हायची होती. हजारो डुकाटांचे करार झाले होते. तेवढ्यात तेथील कार्डिनल तोम्मासो रुफ्फो यांनी त्यांना शहरात येण्यास बंदी केली. कारणे दोन: हे धर्मगुरू असून मिस्सा अर्पण करत नाहीत, आणि या गायिकेशी त्यांची मैत्री आहे. विवाल्दींनी एका उमरावाला लांबलचक पत्र लिहून आपली बाजू मांडली. वर सांगितलेली छातीच्या विकाराची आणि तीन वेळा सोडलेल्या वेदीची हकिकत याच पत्रातली आहे. आपण पायी चालू शकत नाही, होडीतून किंवा घोडागाडीतूनच जातो, आणि प्रवासात सोबत चार-पाच माणसे लागतात, हेही त्यांनी कळवळून लिहिले. बंदी उठली नाही. त्यांना मोठे नुकसान सोसावे लागले.

कार्डिनल अन्यायी होते असे म्हणवत नाही. आपल्या धर्मप्रांतातील लोकांपुढे चुकीचे उदाहरण जाऊ नये, ही त्यांची काळजी होती. पण ते पत्र वाचताना साठीला टेकलेला, धाप लागणारा, आयुष्यभराचे नाव एका हुकमात गेलेला माणूसही दिसतो. दोघांचेही म्हणणे मनात ठेवावे, एवढेच आम्ही म्हणू.

व्हिएन्नातला शेवट

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने आपला वसईचा किल्ला जिंकला. त्याच वर्षी तिकडे व्हेनिसला आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाला आश्चर्य वाटले, की एवढ्या मोठ्या संगीतकाराला त्याच्याच गावात आता कोणी विचारत नाही. चाली बदलल्या होत्या. लोकांना नवे गायक, नवे संगीत हवे होते.

१७४० साली फादर विवाल्दींनी आपल्या काही रचना पिएताला विकल्या आणि ते व्हिएन्नाला निघाले. तेथील सम्राट सहावे चार्ल्स हे त्यांच्या संगीताचे चाहते होते. पूर्वी त्यांनी विवाल्दींना सोन्याची साखळी व पदक देऊन गौरवले होते. पण ऑक्टोबर १७४० मध्ये सम्राट वारले. दुखवट्यामुळे नाट्यगृहे बंद झाली. आशेचा एकुलता एक धागा तुटला.

घोड्यांची खोगिरे शिवणाऱ्या एका कारागिराच्या विधवेच्या घरी विवाल्दी राहत होते. जुलै १७४१ च्या २७ व २८ तारखांमधील रात्री तेथेच ते वारले. वय त्रेसष्ट. २८ जुलैलाच इस्पितळाच्या दफनभूमीत त्यांना पुरले. अंत्यविधी साधा, लहान घंटांचा. ती दफनभूमी आता नाही. त्या जागेवर आज व्हिएन्नाचे तांत्रिक विद्यापीठ उभे आहे. तारुण्यात पन्नास हजारांहून अधिक डुकाट मिळवलेला हा माणूस उधळपट्टीमुळे गरिबीत मेला, अशी नोंद व्हेनिसमध्ये कोणीतरी करून ठेवली.

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे जग त्यांना विसरले. बाख यांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांच्या कागदपत्रांत विवाल्दी हे नाव भेटे, एवढेच.

शाळेची दुरुस्ती आणि दोन वडील

पुढची गोष्ट आम्हाला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. इटलीच्या पिएमाँत प्रांतात डॉन बॉस्को यांच्या सालेशियन धर्मगुरूंची एक शाळा होती. १९२६ साली इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते. कोणा उमरावाने दान दिलेली जुनी पुस्तके शाळेत पडून होती. ती विकावी असे फादरांनी ठरवले आणि किंमत ठरवण्यासाठी तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला कळवले. ग्रंथालयाने अल्बेर्तो जेन्तिली या संगीताच्या प्राध्यापकांना बोलावले. पेट्या उघडल्या. आत विवाल्दींच्या हस्तलिखितांचे चौदा खंड होते!

ग्रंथालयाकडे ते घेण्याइतके पैसे नव्हते. जेन्तिली दाता शोधू लागले. रोबेर्तो फोआ नावाच्या एका ज्यू व्यावसायिकाने १९२७ साली सर्व संग्रह विकत घेऊन ग्रंथालयाला दिला, तो आपल्या वारलेल्या लहानग्या मुलाच्या, माउरोच्या, आठवणीसाठी. मग खंडांवरील आकडे पाहताना जेन्तिली यांच्या लक्षात आले की मधले आकडे गायब आहेत, म्हणजे हा अर्धाच संग्रह आहे. शोध घेता घेता उरलेला अर्धा जेनोवा येथे त्याच उमराव घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे सापडला. १९३० साली फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदाराने तो विकत घेऊन दिला. त्यांचाही लहान मुलगा, रेन्झो, वारला होता. दोन तुकडे जुळले.

आज तुरीनच्या ग्रंथालयात या संग्रहाला माउरो फोआ आणि रेन्झो जोर्दानो या दोन बालकांचीच नावे आहेत. आईबापांनी गमावलेल्या मुलींसाठी लिहिलेले संगीत, मुले गमावलेल्या दोन वडिलांनी जगाला परत दिले.

यातही दुःखाची एक किनार आहे. १९३८ साली इटलीत ज्यूंविरुद्ध कायदे झाले आणि जेन्तिली यांना ज्यू म्हणून काम सोडावे लागले. पुढच्याच वर्षी सिएना येथे विवाल्दी सप्ताह साजरा झाला आणि त्यात ‘ग्लोरिया’ पुन्हा गायला गेला. ज्यांनी तो खजिना शोधला, तेच बाजूला राहिले होते.

दुसरे महायुद्ध संपल्यावर विवाल्दींचे संगीत छापले गेले, तबकड्यांवर आले आणि घरोघर पोहोचले. १९७९ सालच्या ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ या चित्रपटात त्यांचा मँडोलिनचा कॉन्चेर्तो वाजतो. आई घर सोडून गेलेल्या एका लहान मुलाची ती कथा आहे. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी १९८२ साली तेल अवीव येथे ‘चार ऋतू’ सादर केले, तेव्हा चार ऋतूंसाठी चार नामवंत व्हायोलिनवादक उभे होते.

आपल्यासाठी

फादर विवाल्दी चांगले धर्मगुरू होते की नव्हते, याचा हिशेब देवाकडे आहे. आम्हाला एवढे दिसते, की जे काम त्यांना झेपले नाही ते त्यांच्याकडून राहून गेले, आणि जे झेपले ते त्यांनी कोणाचेही नसलेल्या मुलींच्या हाती दिले. ते काम दोनशे वर्षे पेट्यांत पडून राहिले, पण नष्ट झाले नाही.

आपल्या चर्चमध्येही सज्ज्यावर कोणीतरी ऑर्गन वाजवत असते, कोणी व्हायोलिन. मिस्सा संपला की शेवटची सुरावट चालू असतानाच आपण चपला शोधू लागतो. पुढच्या रविवारी ती सुरावट संपेपर्यंत दोन मिनिटे थांबू या. वाजवणारे मूल खाली आले की त्याचे नाव विचारू या, आणि ते लक्षात ठेवू या.